नावनिशीवार

जुलूम असह्य झाला की माणसे उठतात, हा सिद्धान्त ऐकायला सोपा आहे, परंतु इतिहासाच्या कसोटीला तो फारसा उतरत नाही. कारण तसे असते तर महाराष्ट्रातील अस्पृश्य समाजाने अर्ज, सभा, परिषदा आणि सत्याग्रह यांचा मार्ग धरण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाची वाट पाहिली नसती. पेशवाईच्या उत्तरकाळातील निर्बंध नंतरच्या काळापेक्षा सौम्य होते असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्या काळच्या दप्तरांत महारांचे जे तंटे आढळतात ते वतनाच्या हक्कांविषयीचे, बलुत्याच्या वाट्याविषयीचे आणि मांगांशी चाललेल्या मानपानाविषयीचे. गावाच्या चौकटीबाहेर उभे राहून, राज्याची प्रजा या नात्याने, काही मागणारा आवाज त्यांत नाही. तो आवाज पुढे सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी उमटला. तो ज्यांच्या मुखातून उमटला ती माणसे समाजातील सर्वांत अधिक गांजलेली नव्हती. ती निवृत्त हवालदार होती, सुभेदार होती, साहेबांच्या घरचे बुटलर होती, गोदीत आणि गिरणीत रोजंदारी करणारी होती. राज्यकारभारात ज्यांना तिळमात्र स्थान नाही ते लोक सार्वजनिक कार्यात का उतरतात, या प्रश्नाचे उत्तर या माणसांच्या चरित्रातून जितके स्पष्ट मिळते तितके दारिद्र्याच्या मोजमापातून मिळत नाही.

आरंभ गावापासूनच केला पाहिजे. महार हा गावकुसाबाहेर राहणारा, परंतु गावगाड्यातून सरकारशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध येई अशा मोजक्या लोकांपैकी एक. शिवेचा तंटा पडला की त्याचीच साक्ष निर्णायक धरली जाई. गावचा वसूल कसबे ठिकाणच्या खजिन्यात पोचविणे, पाटलाच्या मागे कचेरीपर्यंत जाणे, हरकाऱ्याचे काम करणे, वेसकर म्हणून वेशीवर रात्रीचा पहारा देणे, आल्यागेल्या अंमलदाराची बडदास्त ठेवणे, ही सर्व कामे त्याच्याकडे वंशपरंपरेने चालत आलेली होती. बेदरच्या पातशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची कथा महारवाड्यात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली; ती अक्षरशः खरी आहे की नाही हा वाद पंडितांनी खुशाल घालावा, परंतु आपले हक्क कोण्या एका राजसत्तेने लिहून दिले आहेत आणि म्हणून ते राजसत्तेकडेच मागता येतात, ही समजूत त्या कथेने जिवंत ठेवली, हे तिचे महत्त्व. ज्याला देवळाची पायरी वर्ज्य होती त्याला कचेरीचा उंबरठा पूर्ण परिचयाचा होता. या विसंगतीची जाणीव ठेवल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही.

तथापि वतन हा आधार होता तसाच तो फासही होता. वतनाची जमीन तुटपुंजी, बलुते गावकऱ्यांच्या मर्जीवर, आणि चाकरी आठ प्रहरांची. वतनदार आजारी पडला तर त्याच्या ऐवजी घरातील दुसऱ्या कोणी तरी, प्रसंगी बायकामुलांनीही, हजर राहिले पाहिजे अशी ती व्यवस्था. जो गावाच्या तुकड्यावर जगतो तो गावाविरुद्ध साक्ष देत नाही. म्हणून पहिली चाल करण्यास गावाच्या अन्नापासून सुटलेली माणसे लागली, आणि ती कंपनीच्या पलटणींनी निर्माण केली.

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या प्रमाणावर होत असे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगावास कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील पलटणीने पेशव्यांच्या फौजेशी जी झुंज दिली तिच्या स्मारकस्तंभावर पतन पावलेल्या ४९ शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांपैकी २२ नावे महारांची असल्याचे त्यांच्या शेवटी येणाऱ्या ‘नाक’ या पदावरून ओळखता येते. त्या लढाईचा राजकीय अर्थ काय लावावा यावर आजवर बरेच रण माजले आहे व पुढेही माजेल. मला त्या स्तंभाचे महत्त्व वाटते ते निराळ्याच कारणासाठी. गावच्या दप्तरात ‘महार’ एवढीच ज्याची नोंद पुरेशी मानली जाई, त्याचे नाव येथे दगडावर, इतरांच्या नावांच्या रांगेत, जातीच्या वेगळ्या रकान्याशिवाय कोरले गेले.

पलटणीने दुसरी एक गोष्ट केली, आणि ती बंदुकीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली. शिपायांना व त्यांच्या मुलांना तेथे लिहावाचावयास शिकविले जाई. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेतून शिक्षक झालेले सुभेदार. निवृत्तीनंतर हे लोक दापोली, सातारा, पुणे अशा ठिकाणी वस्ती करून राहिले. त्यांच्या हाती दरमहा सरकारी पेन्शन येई, ते वर्तमानपत्र वाचीत, आणि गावच्या पाटलाच्या कृपाकटाक्षावर त्यांची चूल अवलंबून नसे. कोकणातील दापोली हे तर अशा पेन्शनरांचे एक लहानसे ठाणेच झाले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत भाषण करताना डॉ. आंबेडकरांनी या जुन्या लष्करी पिढीची आठवण मुद्दाम काढली. एके काळी हा प्रदेश अस्पृश्यांच्या दृष्टीने पुढारलेला होता तो या भरतीमुळे, आणि ती बंद झाल्याने तो मागे पडला, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भरती बंद झाली ती १८९०च्या दशकाच्या आरंभी. सत्तावन्नच्या बंडानंतर सैन्याची जी पुनर्रचना सुरू झाली तिचे पर्यवसान लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढवय्या जाती’ या सिद्धान्तात झाले, आणि ज्यांच्या तीन पिढ्यांनी पलटणीत चाकरी केली त्यांना एका फटक्यात ‘लढवय्ये नव्हेत’ असे ठरविण्यात आले. सरकारच्या दृष्टीने हा केवळ प्रशासकीय फेरबदल होता. महारांच्या दृष्टीने त्यांचे नाव नावनिशीतून खोडले गेले. जे कधी मिळालेच नव्हते त्याच्यासाठी ज्यांनी तक्रार केली नव्हती, त्यांनी जे मिळून हिरावले गेले त्याच्यासाठी लेखणी उचलली.

ही लेखणी प्रथम उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते दापोलीस राहिले. ‘दीनबंधु’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून त्यांनी लेख लिहिले, १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ या पुस्तकात उच्चवर्णीयांपुढे अस्पृश्यतेविषयी २६ प्रश्न ठेवले, आणि ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ स्थापन करून तिच्या वतीने १८९४ साली सैन्यभरती पूर्ववत करावी म्हणून लष्करी अधिकाऱ्यांना उद्देशून एक विनंतीपत्र तयार केले. या अर्जाच्या वेळी एक बोधप्रद गोष्ट घडली असे या विषयाचे अभ्यासक सांगतात: ज्या निवृत्त अंमलदारांच्या सह्यांनी अर्जाला वजन आले असते त्यांतील कित्येकांनी, आपल्या पेन्शनीला धक्का लागेल या भीतीने, हात आखडता घेतला. मला यात नवल वाटत नाही. पेन्शनीने गावाच्या दडपणातून माणूस सोडविला खरा, परंतु त्याला सरकारच्या दडपणात बांधूनही ठेवले. सार्वजनिक धैर्य ही नुसत्या सुस्थितीची देणगी नसते.

वलंगकरांची १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली. एक अस्पृश्य सभासद आपल्या पंक्तीस बसणार, या कल्पनेने इतर सभासद अस्वस्थ झाले आणि त्यांनी विरोध केला. लोकल बोर्डाची सत्ता ती काय, रस्त्यावर खडी टाकणे आणि धर्मशाळेचे छप्पर शाकारणे! परंतु त्या विरोधावरूनच कळून येते की भांडण सत्तेचे नव्हते; सरकारी ठरावाखाली कोणाचे नाव कोणाच्या नावाशेजारी लिहिले जाते, याचे होते. १९०० साली वलंगकर वारले.

पुण्यात हे काम शिवराम जानबा कांबळे यांनी पुढे चालविले. ते पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बुटलर होते. गोऱ्या साहेबांच्या मेजवान्यांची व्यवस्था पाहणारा हा मनुष्य उरलेल्या वेळात ग्रंथालय चालवी, इंग्रजी पत्रे वाची, आणि १ जुलै १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक स्वतः काढी. १९०३च्या सुमारास त्यांनी सासवडास ५१ गावच्या महारांची सभा भरवून मुंबईच्या गव्हर्नरकडे जो अर्ज पाठविला त्यावर १,५८८ सह्या होत्या. त्या काळी या सह्या मिळविणे म्हणजे काय, याची कल्पना आज करणे कठीण आहे. ज्या समाजात अक्षरओळख शेकड्यात एकालाही क्वचित होती तेथे बहुतेकांची सही म्हणजे शाईत बुडविलेला अंगठा, आणि तो अंगठा उठविणाऱ्याला आपल्या गावी परत जाऊन त्याच पाटील-कुळकर्ण्यांच्या हाताखाली वतनाची चाकरी करावयाची होती. त्या अर्जात पोलीस, सैन्य आणि सरकारी कचेऱ्यांतील खालच्या जागा मागितल्या होत्या. १९१० साली दख्खनच्या महारांच्या परिषदेच्या नावे भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे आणखी एक अर्ज गेला. त्यातही पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला आणि बादशाही तख्तावरील निष्ठेचा पुनरुच्चार आहे.

या अर्जांची भाषा लीन आहे. ‘आम्ही मोठे राजकीय अधिकार मागत नाही’ हा सूर त्यांत वारंवार लागतो, आणि पुढील काळातील टीकाकारांनी त्यावरून या पिढीला राजनिष्ठ ठरवून बाजूला सारले. हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. त्याच सुमारास राष्ट्रीय सभेच्या मंडपातही निष्ठेचे ठराव होत होते, आणि त्यांच्या लीनतेबद्दल कोणी त्यांना हिणवीत नाही. शिवाय लीन भाषेच्या आत जे मागितले आहे ते पाहिले पाहिजे. धान्य नव्हे, दान नव्हे, सूट नव्हे; पोलिसाचा पट्टा, शिपायाची वर्दी, कचेरीतील जागा. राज्याच्या कामात वाटा मागणारा मनुष्य भिकारी नसतो, मग त्याने हात कितीही जोडलेले असोत.

नागपूरकडे हीच घटना निराळ्या वाटेने घडली. तेथे १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने महारांना रोजगार दिला आणि किसन फागूजी बनसोडे यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले. पलटण असो, गिरणी असो, गोदी असो, गावाबाहेरचे अन्न ही सर्वत्र समान गोष्ट.

१९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे २७ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांची साक्ष झाली तेव्हा अर्जाचे युग संपत आल्याची चिन्हे दिसू लागली. मताधिकार मिळकतीवर आणि सारा भरण्यावर अवलंबून ठेवला तर ज्यांना मिळकतच करू दिली नाही त्यांचा मतदार कधी निर्माण होणार, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. समितीने अर्थातच तो अर्धामुर्धा ऐकला, आणि नव्या मुंबई कायदेमंडळात अस्पृश्यांच्या वाट्याला एक सरकारनियुक्त सभासद आला.

त्याच कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. सरकारने खात्याखात्यांना हुकूम पाठविले, आणि हुकूम फायलींत विसावले. महाडची नगरपालिका मात्र याला अपवाद. सुरेंद्रनाथ तथा सुरबा टिपणीस यांच्या पुढाकाराने तिने १९२४च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे त्या ठरावाचा उपयोग एकाही अस्पृश्याने केला नाही. यावर ‘पाहा, यांनाच नको आहे’ असे म्हणणारे शहाणे त्या वेळी होते आणि प्रत्येक काळी असतात. वस्तुतः कागदावरील हक्क एकट्याने बजावता येत नाही. पहिली ओंजळ भरणाऱ्याचे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. तो हक्क बजावण्यास समुदाय लागतो, आणि समुदाय जमविण्यास वर्षे लागतात.

तो समुदाय जमविणाऱ्यांत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे हे तरुण प्रमुख होते, आणि जमलेल्यांत त्या प्रदेशातील जुने पेन्शनर व मुंबईहून आलेले कामगार यांचा भरणा होता. १९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवशी भरलेल्या परिषदेच्या मंडपात पिण्याचे पाणी अस्पृश्यांना स्वतः आणता येत नव्हते, म्हणून स्वागतमंडळाला ४० रुपये मोजून ते विकत घ्यावे लागले. तळे नगरपालिकेचे, ठराव नगरपालिकेचा, आणि पाणी विकतचे! दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शनाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी बोले ठरावाची आठवण करून देऊन परिषदेने तळ्यावर जावे अशी सूचना केली, आणि हजारोंची मिरवणूक शांतपणे चवदार तळ्याकडे निघाली. पाणी पिऊन लोक परतल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी आवई उठविण्यात आली व जेवत बसलेल्या, गाडीची वाट पाहत असलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. पुढे १०८ घागरी पाणी उपसून आणि पंचगव्य ओतून तळे शुद्ध करण्यात आले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारखेचा हा योग कोणी मुद्दाम साधला असेल असे नाही, परंतु तो लक्षात राहण्यासारखा आहे.

मिळालेले हिरावले जाणे हे कारण येथे पुन्हा आपल्यापुढे येते. फक्त या वेळी त्याचे उत्तर विनंतीपत्राने दिले गेले नाही. डिसेंबरात दुसरी परिषद जाहीर झाली. तिला आलेल्यांपैकी ३,८८४ जणांनी सत्याग्रहासाठी, म्हणजे प्रसंगी तुरुंगात जाण्यासाठी, आपली नावे लेखी नोंदविली. सासवडच्या १,५८८ सह्यांपासून येथवर येण्यास चोवीस वर्षे लागली होती. विरोधकांनी १२ डिसेंबरला महाडच्या न्यायालयात दावा लावून तळे खाजगी मालकीचे व वहिवाटीने केवळ स्पृश्यांचे आहे असे प्रतिपादन केले, आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. सनातन्यांनी न्यायालयात जावे आणि सत्याग्रहींनी न्यायालयाचा मान राखून प्रत्यक्ष पाणी घेण्याचा कार्यक्रम तहकूब करावा, असा उलटा प्रकार झाला. परिषदेस जागा देण्यास गावात कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि लोकांच्या स्मरणात महाडची ती दुसरी परिषद त्याच एका कृत्यामुळे राहिली. परंतु नागरिकत्वाच्या इतिहासात त्या नावांच्या यादीला, आणि मनाई हुकुमाचा आदर करून मागे फिरलेल्या समुदायाच्या शिस्तीला, मी त्याहून उणे स्थान देणार नाही.

दावा दहा वर्षे चालला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे अपील आणि अखेर मुंबईचे उच्च न्यायालय असा त्याचा प्रवास होऊन १७ मार्च १९३७ रोजी तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. पाणी केवळ स्पृश्यांनीच वापरण्याची जी रूढी सांगितली जाते ती अनादिकालीन असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा निकालाचा गाभा.

दरम्यान लढा गावाच्या मुळाशी पोचला होता. १९ मार्च १९२८ रोजी डॉ. आंबेडकरांनी १८७४च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कायदेमंडळात मांडले. महारांची चाकरी निश्चित करावी, तिचा मोबदला बलुत्याऐवजी रोख मिळावा, आणि ज्यांना वतन नको असेल त्यांना जमिनीचा पूर्ण सारा भरून चाकरीतून मुक्त होता यावे, असा त्याचा आशय. ज्या वतनाने एकेकाळी राजसत्तेशी ओळख करून दिली, त्याच वतनाचे बंधन तुटल्याशिवाय खरा नागरिक होता येत नाही, हे या समाजाने स्वानुभवाने ओळखले होते. सगळ्याच वतनदारांना ते रुचले असे मात्र नाही. बावन्न हक्कांच्या स्मृतीला चिकटून राहणारे कित्येक होते, आणि त्यांना मूर्ख म्हणण्याचा अधिकार गावाच्या तुकड्यावर कधी न जगलेल्या आपल्यासारख्यांना नाही. सरकारी पक्षाच्या व इतरांच्या विरोधामुळे ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले.

१९३७च्या फेब्रुवारीत प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुका झाल्या. पुणे करारानुसार मुंबई इलाख्यात अस्पृश्यांसाठी १५ जागा राखीव होत्या. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील १४ निवडून आले. त्यांत सर्वसाधारण जागांवरून आलेले सुरबा टिपणीस आणि अनंतराव चित्रे हेही होते. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. हे विधेयक अस्पृश्यांपुरते नव्हते; कोकणातील कुणबी, आगरी, मराठा कुळांनाही खोताच्या जाचातून सोडविण्याचे ते होते, आणि त्याच्या पाठिंब्यासाठी १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. खोती १९४९च्या कायद्याने गेली, आणि महारवतने १९५८च्या कायद्याने, म्हणजे पहिले विधेयक मांडल्यावर तब्बल तीस वर्षांनी.